अमॉर्फिसची स्केल शोधण्याआधी ओळी मोज

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत चौघांचा बँड, सगळे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षं कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवली, मग इंग्रजीत स्वतःची पाच गाणी केली आणि पाचही कुठेतरी ऐकल्यासारखी वाटतात. त्यात कुणीतरी अमॉर्फिसचा १९९४चा अल्बम ऐकवला. फिनलंडमधली विशी-एकविशीची पोरं, शब्द इंग्रजी, गळ्यातून डेथ मेटलची घरघर, तरी पहिल्या मिनिटात कळतं की हे दुसऱ्या कुणाचं नाही. मग त्यांची स्केल कोणती, त्यांच्यावर प्रभाव कुणाचे, आणि आम्ही रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर, अभंग घालून असं काही करू शकतो का, असं तू विचारलंयस. वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

स्केलचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते छोटं आहे. बहुतेक ठिकाणी नॅचरल मायनर, मधूनच डोरियन. घरी हार्मोनियम असेल तर पहिल्याला आसावरी थाट समज, दुसऱ्याला काफी. थाट म्हणतोय, राग नव्हे. पकड, चलन वगैरे शोधायला जाऊ नकोस. आता बघ, याच सात सुरांत जगातले हजारो बँड वाजवतात आणि तुमची पाच गाणीही बहुधा यातच असतील. म्हणजे अडलंय ते सुरांपाशी नाही. तुला खरं विचारायचंय ते हे, की उसन्या संगीतात घरचं काही आणायचं तर ते शिवण न दिसता कसं आणायचं. गेली बावीस वर्षं मी पुण्यात गिटार शिकवतो आणि त्यातली बरीचशी दुसऱ्यांच्या बँडची गाणी सोडवून पुन्हा जुळवण्यात गेली. हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी घेऊन येतंच.

अमॉर्फिस १९९०मध्ये हेलसिंकीत सुरू झाला. एसा होलोपायनेन आणि तोमी कोइवुसारी गिटारवर, ओल्ली-पेक्का लाइने बेसवर, यान रेखबेर्गर ड्रम्सवर, गायचा कोइवुसारीच. त्याआधी यातली मंडळी थ्रॅश आणि डेथ मेटलच्या शाळकरी बँडांमध्ये वाजवत होती. १९९२चा पहिला अल्बम 'द कॅरेलियन इस्थमस' मुद्दाम ऐक. तो स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत झाला. करवतीसारख्या गिटारींचा तो प्रसिद्ध स्वीडिश आवाज याच स्टुडिओतून तोमास स्कोग्सबेर्गने बाहेर काढला होता. अल्बम चांगला आहे. पण डोळे मिटून ऐकलास तर 'हा एक चांगला स्वीडिश धाटणीचा डेथ मेटल बँड' एवढंच म्हणशील. नाव कॅरेलियाचं, म्हणजे फिनलंड-रशिया सीमेवरच्या मुलखाचं, पण त्या नावाने सुरांना अजून हात लावलेला नाही. तुम्ही आत्ता साधारण इथे आहात, आणि ही जागा वाईट नाही.

दोन वर्षांनी 'टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स' आला. पुन्हा तोच स्टुडिओ, तीच चार माणसं, सोबत कास्पर मॉर्टेन्सन हा कीबोर्डवाला. त्याच्यामुळे मूग सिंथेसायझर आला, सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा वास आला. पण माझ्या मते सगळ्यात मोठा बदल शब्दांचा. त्यांनी शब्द लिहिणंच थांबवलं आणि 'कालेवाला'तून उचलले.

'कालेवाला' म्हणजे काय हे दोन ओळींत. एलियास ल्यॉनरोट नावाचा डॉक्टर एकोणिसाव्या शतकात गावोगाव, विशेषतः कॅरेलियात, पायी हिंडून लोकांच्या तोंडची गाणी उतरवून घ्यायचा. ती जोडून त्याने १८३५मध्ये एक महाकाव्य छापलं आणि १८४९मध्ये ते वाढवून पन्नास सर्गांचं केलं. फिनिश शाळेत ते सगळ्यांना वाचावं लागतं. म्हणजे या पोरांना ते जसं आपल्याला पाठ्यपुस्तकातल्या ओव्या-अभंग, तसंच. आदर आहे, पण थोडा कंटाळाही आलेला. अशा ओळखीच्या, धूळ बसलेल्या वस्तूकडे त्यांनी पुन्हा पाहिलं. कुठल्या गुप्त ग्रंथाचा शोध वगैरे लागला नव्हता.

आता त्या अल्बममधलं सर्वांत गाजलेलं गाणं घे, 'ब्लॅक विंटर डे'. नाव ऐकून वाटतं युद्ध, भुतं, बर्फातलं मरण. प्रत्यक्षात ते शब्द बाविसाव्या सर्गातले आहेत, आणि त्यात लग्न झालेली मुलगी माहेर सोडून निघालीय. भाग्यवान लोकांचं मन कसं असतं? वसंतातल्या सकाळीसारखं. आणि माझं? शरदातल्या रात्रीसारखं, हिवाळ्यातल्या काळ्या दिवसासारखं, नव्हे, त्याहूनही काळं. थोडक्यात सासुरवाशिणीचं गाणं. आपल्याकडे जात्यावर जे म्हटलं गेलं तेच तिथे एक विशीतला पोरगा डिस्टॉर्शनच्या, म्हणजे गिटारच्या फाटलेल्या आवाजाच्या, भिंतीवर घरघरत्या आवाजात म्हणतोय. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी गाणं बंद करून थोडा वेळ नुसता बसलो होतो. त्याच अल्बममधलं 'ड्राउन्ड मेड' हे आइनोचं गाणं. महाकाव्याचा म्हातारा नायक वाइनामॉइनेन, त्याच्याशी लग्न करायचं नाही म्हणून ती पाण्यात जाते. डेथ मेटलमध्ये तोवर मरण पुष्कळ होतं, पण ते बहुतेक कत्तलीचं. इथे ते कुणाचं तरी झालं.

पण नुसता विषय घरचा असून भागत नाही. विषय तर पहिल्या अल्बमच्या नावातही होता. आता खरी गंमत ओळीच्या मापाची.

त्या गाण्याच्या मुळातली फिनिश ओळ अशी आहे: 'ताल्विनेन ओन पॅइवॅ मुस्ता'. हिवाळ्याचा दिवस काळा. बोटांवर मोज, आठ अक्षरं. फिनिशमध्ये आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो, म्हणून ओळ बहुतेकदा जड-हलकं, जड-हलकं अशी चार पावलं टाकत चालते. यमक नसतंच म्हटलं तरी चालेल. त्याच्या जागी दोन गोष्टी असतात: एका ओळीतल्या शब्दांची सुरुवात सारख्या ध्वनीने करायची, आणि एक गोष्ट सांगितली की पुढच्या ओळीत तीच वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगायची. 'भाग्यवंतांचं मन कसं असतं, सुखी जनांचा विचार कसा असतो', असं. जुने गायक हे पाच मात्रांत म्हणायचे. पहिली सहा अक्षरं अर्ध्या-अर्ध्या मात्रेची, शेवटची दोन पूर्ण मात्रेची, बेरीज पाच. चालीची झेपही लहान, बहुतेक पाच सुरांत संपणारी. त्यांचं जुनं कान्तेले हे वाद्यही पाच तारांचंच होतं.

इथे एक गैरसमज टाळ. अमॉर्फिसने त्या पाच मात्रांच्या चाली उचलून रिफ केल्या, असं झालेलं नाही. त्यांची गाणी बहुतेक साध्या चारच्या नाहीतर सहाच्या हिशोबात चालतात, आणि शब्दही फिनिश नव्हते, कीथ बॉस्लीच्या इंग्रजी अनुवादातले होते. बॉस्लीने मूळचं छंद हट्टाने पाळलेलं नाही. त्याच्या ओळी आखूड, बिनयमकाच्या, कोरड्या. मग घरचं आलं कुठून? माझ्या कानांना जे ऐकू येतं ते सांगतो, यावर वाद घालायला हरकत नाही. आखूड ओळ आली की लांबलचक गायकी मोडते. चार-पाच सुरांचा तुकडा पुरतो. तीच गोष्ट दोनदा म्हणायची असेल तर तो तुकडा पुन्हा येतो, आणि दुसऱ्यांदा खालचे कॉर्ड बदलले की अर्थ सरकल्यासारखा वाटतो. यमक नाही म्हणून प्रत्येक चौथ्या ओळीला टाळी मागणारा शेवट येत नाही. आता त्यांचा कुठलाही मुख्य रिफ गुणगुण: लहान झेप, आग्रहाने परत येणारा तुकडा, खाली सरकणारी जमीन. शब्द इंग्रजी झाले तरी ओळीची ठेवण वाचली आणि तिने सुरांना वळण लावलं.

फिनलंडमध्ये थंडी आणि अंधार म्हणून तिथलं संगीत उदास, हे स्पष्टीकरण तुला जागोजाग वाचायला मिळेल. मला ते आळशी वाटतं. थंडी तर नॉर्वेतही आहे, आणि तिथला मेटल पूर्ण वेगळा. उलट फिनलंडमध्ये आयाबापांच्या रेडिओवर काय लागायचं ते बघ: मायनरमधले टँगो. अर्जेंटिनाचा नाच त्यांनी असा काही आपलासा केला की सेइनायोकी गावात १९८५पासून त्याचा महोत्सव भरतो. मायनर त्यांच्या कानात मेटलच्या आधीपासून होता, आणि तोही लग्नकार्यातला, नाचायचा.

प्रभावांबद्दल तू विचारलंयस, तर ते लपवण्याचा त्यांनी कधी आव आणला नाही. संथपणा आणि गिटारवरची एकेरी उदास धून ब्रिटनच्या पॅराडाइज लॉस्टच्या घरची, आवाज स्वीडनच्या एन्टूम्ड आणि मंडळींचा, कीबोर्ड सत्तरच्या दशकाचा. बँडचे प्रभाव ओळखायचे असतील तर मुलाखतीपेक्षा त्याने कव्हर काय केलं ते बघावं. १९९७च्या 'माय कान्तेले' या छोट्या तबकडीवर त्यांनी ब्रिटिश स्पेस रॉकवाल्या हॉकविंडचं एक गाणं घेतलं आणि हेलसिंकीच्याच किंग्स्टन वॉलचं एक. म्हणजे एक हात बाहेर, एक हात गल्लीतल्या दादा लोकांच्या खांद्यावर. तुमच्या चौघांच्या यादीत गल्लीतलं कुणी आहे का? नसेल तर गाणी ऐकल्यासारखी वाटण्याचं अर्धं कारण तिथेच सापडलं.

'माय कान्तेले' हे मुळात १९९६च्या 'एलिजी' अल्बममधलं गाणं. या वेळी शब्द 'कान्तेलेतार'मधून आले. हाही ल्यॉनरोटचाच संग्रह, पण वीरकथांचा नाही, भावगीतांचा, आणि त्यातली कितीतरी बायकांच्या तोंडची. महाकाव्यात वाइनामॉइनेन माशाच्या जबड्यापासून कान्तेले बनवतो. या संग्रहातलं गाणं म्हणतं, ते सगळं खोटं, हे वाद्य दुःखाचं घडवलेलं आहे. अशा शब्दांना नुसती घरघर पुरेना. मग पासी कोस्किनेन हा साध्या आवाजात गाणारा आला आणि बँडचा चेहराच बदलला. अल्बमच्या शेवटी तेच गाणं अकूस्टिक करून पुन्हा ठेवलंय. दोन्ही पाठोपाठ ऐक. डिस्टॉर्शन काढल्यावरही गाणं उभं राहतं की नाही, हे त्यांनी स्वतःच तपासून दाखवलंय.

आता माझी फजिती, कारण तुझा अभंगाचा बेत वाचून तीच आठवली. २००३च्या सुमारास आमच्या बँडने आजीच्या दोन ओव्या घेतल्या. आमच्याकडे एक तयार रिफ होता, चांगला दणदणीत, चार-चारच्या चौकटीत बसलेला. त्यावर ओव्या चढवल्या. अक्षरं कमी पडली तिथे 'गं' घातला, जास्त झाली तिथे गिळली. एका कॉलेजच्या कार्यक्रमात वाजवलं, टाळ्या पडल्या, आम्ही खूश. घरी येऊन रेकॉर्डिंग आजीला ऐकवलं. ती म्हणाली, "हे माझंच आहे होय? मला वाटलं मिरवणूक चाललीय." आमटी आमची नेहमीचीच होती, वरून कोथिंबीर भुरभुरली होती. आम्ही ओवी घेतली होती पण ओवीचं काहीच मानलं नव्हतं. ती म्हणाल तिथे वाकली, आमचा रिफ इंचभरही हलला नाही.

म्हणून अभंगाबद्दल माझं उत्तर असं: घे, पण रिफ नंतर कर. 'सुंदर ते ध्यान' बोटांवर मोज. सहा, सहा, सहा आणि चार. मोठ्या अभंगाचं हेच माप, बावीस अक्षरं, आणि चौथा चरण मुद्दाम तोकडा. आपण भजनात तो ओढून, टाळाने भरून काढतो. तू भरू नकोस. एका अक्षराला चारच्या ठेक्याच्या आवर्तनाचा एक आठवा भाग धर आणि बावीस आठव्यांचा रिफ बांध: तीन सारखे तुकडे, चौथा मध्येच तुटणारा. ड्रमरला सांग, तू आपला सरळ चारचा ठेका धर, आमच्याकडे बघू नकोस. दुसऱ्या फेरीला स्नेअर चुकीच्या जागी पडल्यासारखा वाटेल. बरोबर चार फेऱ्यांनी, म्हणजे ठेक्याच्या अकरा आवर्तनांनी, दोघे पुन्हा समेवर भेटतील. त्या भेटीला जो झटका बसतो तो कुठल्या स्केलमधून मिळत नाही. लहान अभंगाचं माप आठ-आठचं, 'जे का रंजले गांजले' मोजून बघ. गंमत म्हणजे 'कालेवाला'ची ओळही आठचीच. पण साम्य तिथेच थांबतं. मराठीत पहिल्या अक्षरावर तसा हातोडा पडत नाही. आपलं वजन ऱ्हस्व-दीर्घात आणि गाताना कुठलं अक्षर किती ताणायचं यात आहे. फिनिश ठोका मराठी ओळीवर मारलास तर बातम्या वाचल्यासारखं होईल.

बऱ्याच गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या इथून मला दिसत नाहीत. तुमचा गायक घरी कोणती भाषा बोलतो? तो कानडी किंवा उर्दू बोलणाऱ्या घरातला असेल तर अभंगाचा हट्ट धरू नका, त्याच्या आजीकडे जा. श्रद्धेचा भागही आहे. चौघांपैकी एखाद्याच्या घरी वारी असेल तर त्याला आधी विचार, घरघरत्या आवाजात विठ्ठलाचं नाव त्याला चालेल का. काहींना चालतं, काहींना नाही, आणि दोघांचंही म्हणणं खरं असतं. चालणार नसेल तर माप घे आणि शब्द स्वतःचे लिही. सहा-सहा-सहा-चार कुणाच्या मालकीचं नाही.

इंग्रजी की मराठी, यावर मी पूर्वी तावातावाने बोलायचो. आता तेवढी खात्री राहिली नाही. अमॉर्फिसची पुढची वाट बघ. २००६च्या 'एक्लिप्स'साठी त्यांनी पाव्हो हाविक्को या फिनिश कवीचा, 'कालेवाला'तल्या कुल्लेर्वोवरचा मजकूर इंग्रजीत आणून घेतला. २००७च्या 'सायलेंट वॉटर्स'पासून पेक्का काइनुलाइनेन त्यांच्यासाठी शब्द लिहू लागला, तेही आधी फिनिशमध्ये. मग अनुवाद, मग गाणं. म्हणजे ऐकणाऱ्याला इंग्रजी, पण विचार इंग्रजीत झालेला नाही. हे तुम्हाला आजपासून करता येईल. पाचपैकी एक गाणं घ्या आणि त्याचे शब्द मराठीत लिहून काढा, जसं मित्राला सांगाल तसं. अर्ध्या ओळी मराठीत सांगताच येणार नाहीत, कारण त्यांत मुळातच काही म्हटलेलं नव्हतं. त्या काढा. उरलेल्या हव्या तर परत इंग्रजीत न्या. मी ज्या बँडांकडून हे करवून घेतलं त्यांची गाणी निम्म्याने आखूड झाली, आणि एकानेही तक्रार केली नाही. खोटं कशाला बोलू, एका गिटारिस्टने केली, त्याचा सोलो गेला म्हणून.

घरघरत्या आवाजात शब्द कळतच नाहीत, मग एवढा खटाटोप कशाला, असं तुझा ड्रमर म्हणेल. आमचाही म्हणायचा. अर्थ कळत नाही हे खरं, पण अक्षरांची लांबी-रुंदी कळते, आणि तीच तर रिफ ठरवते. मराठीत 'ख', 'र', 'ट', 'ढ' त्या आवाजात छान फुटतात. अनुस्वार आणि शेवटचा हलका 'अ' वाहून जातो. ओळीचा शेवट कुठल्या अक्षरावर करायचा हे लिहितानाच ठरवून ठेव.

तर या आठवड्यात गिटारींना हात लावू नका. कागद घ्या, आठ ओळी, माप कुठलंही पण एकच, आणि एका माणसाबद्दल. टेबलावर ठेका धरून नुसत्या म्हणा, फोनवर रेकॉर्ड करा. सांगलीत घरी जातं नसेल तर मिक्सरच्या आवाजात म्हणा, तेही चालतं. जी ओळ म्हणताना गायकाला मध्येच श्वास घ्यावा लागतो तिथे खूण करा आणि ते रेकॉर्डिंग इथे टाका. रिफचं नंतर बघू.